इम्प्लांट हलतंय म्हणजे नेमकं काय हलतंय?

परवा रविवारी सकाळी साताऱ्याहून मावशीचा फोन आला, आवाज एकदम पडलेला. "अरे, माझा तो स्क्रूचा दात हलायला लागला रे, पन्नास हजार गेले पाण्यात." पाच वर्षांपूर्वी तिची खालची दाढ काढावी लागली तेव्हा कवळी नको, शेजारचे चांगले दात घासून ब्रिज पण नको, म्हणून तिनं हट्टानं इम्प्लांट बसवून घेतलं होतं, आणि तेव्हापासून त्या दाढेनं ती ऊस सोडून सगळं खात होती (ऊस पण खात असणार, आम्हाला सांगत नाही). फोन ठेवायच्या आत फॅमिली ग्रुपवर सल्ले सुरू. एक म्हणतो आत हाड कुजलं असणार, दुसरी म्हणते लगेच काढून टाक नाहीतर शेजारचे दात पण हलतील, आणि एका महाशयांनी तर फेविक्विकचा एक थेंब सुचवला.

मी दातांचा डॉक्टर नाही. भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, बावीस वर्षं झाली, त्यामुळे स्क्रू सैल का होतो हा प्रश्न माझ्यासाठी पोटापाण्याचा आहे. मावशीला घेऊन डॉक्टरकडे गेलो, ते बिचारे माझ्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देत बसले, मग घरी येऊन मी बरंच वाचलं, आणि लक्षात आलं की "इम्प्लांट हलतंय" असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यातल्या दोन दुरुस्त होतात, एक होत नाही. लोक घाबरतात ते तिसरीला. पण पाच-सात वर्षं नीट चाललेला दात अचानक डुगडुगायला लागला तर बहुतेक वेळा भानगड पहिल्या दोनांतलीच असते.

आत असतं काय काय

इम्प्लांट म्हणजे आपल्याला वाटतं एकच अखंड वस्तू, हाडात खुपसलेला दात. तसं नसतं. साधारणपणे त्यात चार भाग असतात. सगळ्यात खाली जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा आटेवाला दंडगोल, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांब. डॉक्टर याला फिक्श्चर म्हणतात, आपण सरळ मूळ म्हणू. त्याच्यावर हिरडीतून वर डोकावणारी एक छोटी खुंटी, डॉक्टरी भाषेत अबटमेंट. ती खुंटी मुळाला आवळून धरणारा एक बारकासा स्क्रू, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. आणि सगळ्यात वर आरशात दिसते ती कॅप, जी खुंटीवर सिमेंटनं चिकटवलेली असते किंवा खुंटीसकट स्क्रूनंच धरलेली असते.

आता यातलं मूळ हाडात टिकतं कसं? नुसत्या आट्यांनी नाही. १९५२ मध्ये स्वीडनचे ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवून रक्ताभिसरण बघत होते, काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना, हाडानं त्याला धरूनच ठेवलेलं. त्यातून हे सगळं सुरू झालं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि त्या गृहस्थांनी ते पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत वापरले. हाड आणि टायटॅनियम यांच्यामध्ये काहीही न राहता ते एकमेकांना असे घट्ट धरतात त्याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात, हा शब्द एकदा सांगितला, आता पुन्हा वापरणार नाही, आपण "हाडानं धरणं" म्हणू. जुन्या पद्धतीत त्यासाठी खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबायचे, आता बऱ्याचदा लवकर होतं.

कुकरचं हँडल आणि भिंतीतली गिट्टी

घरात कुकरचं हँडल हलायला लागतं तेव्हा आपण कुकर फेकून देतो का? नाही. हँडलचा स्क्रू सैल झालाय हे कळतं, आवळतो आणि पुढचे सहा महिने डाळ शिजते. मावशीचं झालं होतं ते हेच. मूळ हाडात ठणठणीत होतं, मधला स्क्रू सैल पडलेला, त्यामुळे खुंटी आणि कॅप दोन्ही मिळून डुगडुगत होते.

याहूनही सोपा प्रकार म्हणजे कॅपचं सिमेंट सुटणं. खुंटी घट्ट, मूळ घट्ट, फक्त टोपी सैल. बरेच डॉक्टर मुद्दामच जरा हलकं सिमेंट वापरतात, पुढे कधी कॅप काढायची वेळ आली तर फोडावी लागू नये म्हणून.

तिसरा प्रकार मात्र भिंतीतला आहे. फोटो लावायला आपण ड्रिल मारून प्लास्टिकची गिट्टी ठोकतो आणि तिच्यात स्क्रू पिळतो. स्क्रू सैल झाला तर पिळता येतो, पण भिंतीत ओल येऊन प्लास्टर भुसभुशीत झालं आणि गिट्टीच गरगर फिरायला लागली तर तुम्ही स्क्रू कितीही पिळा, उपयोग शून्य. इथं गिट्टी म्हणजे मूळ आणि प्लास्टर म्हणजे हाड.

मग आपलं हललंय ते हँडल की गिट्टी, हे घरी कळेल का? थोडा अंदाज येतो. कॅप जरा गोल फिरल्यासारखी वाटते, चावताना बारीक टक् असा आवाज येतो, हिरडी मात्र शांत आहे, तर संशय स्क्रूवर किंवा सिमेंटवर. चावलं की आत खोल दाबल्यासारखं वाटतं, आजूबाजूची हिरडी सुजलीय, पू येतोय, सगळंच्या सगळं खालीवर होतंय, तर संशय मुळावर. पण हा अंदाजच. सैल स्क्रूच्या फटीत अन्न आणि जंतू जाऊन बसले की हिरडी तेव्हाही सुजते आणि तोंडाला घाण वास येतो, त्यामुळे नुसत्या सुजेवरून काही ठरवू नका. खरं उत्तर एक्सरेत. मुळावर खुंटी नीट बसलेली नसेल तर तिथं काळी बारीक रेघ दिसू शकते, आणि हाडानं मूळ सोडलं असेल तर मुळाभोवती काळी किनार दिसते. मावशीच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, मग कॅप आणि खुंटी काढून नुसतं मूळ हलवून, ठोकून बघितलं. ठोकल्यावर टणक, स्वच्छ आवाज आला. आमच्याकडे ग्राइंडिंग व्हीलला तडा गेलाय का हे बघायला असंच टिचकी मारून ऐकतात, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

एवढा घट्ट आवळलेला स्क्रू सैल होतोच कसा

हा माझा आवडता भाग आहे, जरा लांबेल.

स्क्रू आवळला की तो घट्ट का राहतो? लोकांना वाटतं आट्यांत आटे अडकतात म्हणून. खरं तर आवळताना स्क्रू अगदी किंचित ताणला जातो, रबरासारखा, आणि तो परत आखूड व्हायला बघतो, त्या ओढीनं दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. जोवर ही ओढ चावण्याच्या जोरापेक्षा जास्त आहे तोवर जोड एकदम दगड. ओढ कमी पडली की प्रत्येक घासाला खुंटी किंचित हलते आणि हललं की स्क्रू थोडा उलटा फिरतो, मग ओढ अजून कमी, मग अजून हलतं. म्हणून सुरुवातीला महिनोन्‌महिने काहीच कळत नाही आणि नंतर आठवड्याभरात एकदम डुगडुग.

हा स्क्रू किती आवळायचा हे प्रत्येक कंपनी ठरवून देते, बहुतेकांचं १५ ते ३५ न्यूटन सेंटीमीटरच्या दरम्यान असतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, मोटारीच्या चाकाचा नट साधारण १०० न्यूटन मीटरला आवळतात, म्हणजे १०,००० न्यूटन सेंटीमीटर. दाताच्या स्क्रूला त्याच्या तीनशेव्या हिश्श्याएवढी पीळ. पण आकार बघता तेवढी भरपूर होते, कमी दिली तर सैल पडतो आणि जास्त दिली तर स्क्रूची मान तुटते, म्हणून डॉक्टरकडे छोटासा टॉर्क रेंच असतो, ठरलेल्या पिळीला तो थांबतो किंवा आकडा दाखवतो. नुसत्या बोटांनी छोट्या ड्रायव्हरनं आवळला तर १०-१५ च्या पुढं जाणं अवघड.

आणि एक गंमत. नवीन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर टेकाडं असतात, स्क्रू आवळल्यावर काही वेळात ती टेकाडं चपटी होतात आणि ओढ थोडी उतरते, २ ते १० टक्के. म्हणून आवळून झाल्यावर दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा आवळायचा अशी पद्धत आहे. जुन्या इंजिनाचं हेड बसवल्यावर थोडं चालवून पुन्हा नट टाइट करायचे ना, अगदी तेच. मावशीच्या डॉक्टरांनी आवळून झाल्यावर आम्हाला थांबायला सांगितलं तेव्हा मावशीला वाटलं बिल बनतंय.

मग बाकी कारणं. कॅप शेजारच्या दातांपेक्षा केसभर उंच असली की सगळा भार तिच्यावर. कॅप मुळाच्या मानानं फार रुंद असली किंवा एका बाजूला लटकत असली की प्रत्येक घास तरफेसारखा स्क्रूला उचकटतो. खुंटी मूळ कंपनीची नसून कॉपी असली आणि बसणीत फरक असला तरी तेच. आणि सगळ्यात मोठं, झोपेत दात खाणं. दिवसा चावताना दात एकमेकांना टेकतात ते क्षणभरच, रात्री करकरा दात खाणारा माणूस ते पुन्हा पुन्हा, जोर लावून घासतो आणि त्याला पत्ता नसतो, ते शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असतं.

इथं एक फरक लक्षात घ्या. आपला खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो, मध्ये धाग्यांची एक पातळ गादी असते, तिच्यामुळे निरोगी दात पण २५ ते १०० मायक्रॉन हलतो. माणसाचा केस साधारण ७०-८० मायक्रॉनचा, म्हणजे हिशोब करा. इम्प्लांटला ही गादी नाही, ते हलतं जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. शॉक अब्जॉर्बर नाही. शिवाय त्या गादीतल्या नसा आपल्याला सांगतात की अरे खडा आला, थांब. इम्प्लांटला ते उशिरा कळतं, तोवर सुपारी फुटलेली असते.

"दुखत तर नाही, मग दिवाळीनंतर बघू"

हे वाक्य मावशीनं पण म्हटलं. दुखणार कुठून, इम्प्लांटच्या आत नस नसते. खऱ्या दाढेत कीड लागली की ती रात्रभर झोपू देत नाही, त्यामुळे आपण निमूट डॉक्टरकडे जातो. इथं बोंब मारायला कुणीच नाही.

आणि सैल स्क्रूवर चावत राहिलं की स्क्रू सारखा वाकतो आणि सरळ होतो, वाकतो आणि सरळ होतो. तार अशी सारखी वाकवली की काय होतं तुम्हाला माहीतच आहे. स्क्रू तुटला की अर्धा तुकडा मुळाच्या आत अडकतो. तो काढता येतो, वेगळी अवजारं असतात, बऱ्याचदा डॉक्टर कंपनं देणाऱ्या टोकदार मशीननं तो हळूहळू उलटा फिरवून बाहेर आणतात, पण वेळखाऊ काम आहे आणि त्यात मुळाच्या आतले आटे गेले तर चांगलं हाडानं धरलेलं मूळ फुकट जायची वेळ येते. म्हणजे ज्याला पंधरा-वीस मिनिटांत आवळता आलं असतं त्यासाठी जबड्याची शस्त्रक्रिया. दिवाळीची चकली राहिली बाजूला.

अजून एक. कॅप फार सैल असेल तर जेवताना किंवा झोपेत ती गिळली जाऊ शकते. पोटात गेली तर बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते, डॉक्टरला कळवा म्हणजे झालं. पण ठसका लागला, खोकला थांबेना, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर ती श्वासनलिकेत गेली असू शकते, मग दाताचा डॉक्टर नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मूळच हलत असेल तर

आता ती तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल गोड बोलून उपयोग नाही. मूळच हाडात हलायला लागलं तर ते इम्प्लांट गेलं. पुन्हा आवळता येत नाही, गोळ्यांनी घट्ट होत नाही.

"पण माझा खरा दात हलत होता, पायरियाची ट्रीटमेंट घेतली आणि घट्ट झाला, मग हे का नाही होणार?" रास्त शंका. खऱ्या दाताला ती गादी असते, सूज उतरली की ती पुन्हा दाताला धरते. इम्प्लांटच्या मुळाला हाडानं सोडलं की मध्ये मऊ तंतूंचा थर तयार होतो आणि तो थर असेपर्यंत हाड परत जवळ येत नाही. ओल्या भिंतीतली गिट्टी.

हे दोन वेळांना होतं. एक, बसवल्यावर पहिल्या काही महिन्यांत, हाडानं धरायच्या आधीच. ड्रिल करताना हाड जास्त तापलं (४७ अंश सेल्सियसच्या वर मिनिटभर गेलं तरी हाडाला इजा होते, म्हणून ड्रिल करताना सारखं पाणी सोडतात), जंतुसंसर्ग झाला, किंवा पेशंटनं त्यावर फार लवकर चावायला सुरुवात केली. विशेष म्हणजे बसवल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुळाची पकड पहिल्या दिवसापेक्षा कमी झालेली असते, कारण जुनं हाड विरघळत असतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं. पेशंटला नेमकं तेव्हाच वाटतं की आता काही होत नाही, शेंगदाणे चालतील. ज्यांचं या काळात काहीतरी हललंय त्यांनी एक ध्यानात ठेवा, बऱ्याचदा ती नुसती वरची तात्पुरती टोपी असते, हिरडीला आकार यावा म्हणून लावलेली, ती सैल झाली तर मिनिटात आवळून देतात. मात्र ती पडली तर त्याच दिवशी फोन करा, हिरडी काही दिवसांतच भोकावर बंद होऊ शकते.

दुसरी वेळ म्हणजे वर्षानुवर्षांनंतर. इथं गुन्हेगार असतो पेरीइम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटच्या भोवतीचा पायरिया. आधी फक्त हिरडी सुजते, ब्रश लागला की रक्त येतं, या टप्प्यावर नीट सफाई केली तर सगळं पूर्ववत होऊ शकतं. दुर्लक्ष केलं तर जंतू खाली उतरतात आणि हाड झिजायला लागतं, झिजलेलं हाड पूर्ण परत मिळवणं अवघड. आणि धोक्याची गोष्ट अशी की हे सगळं होत असताना मूळ अजिबात हलत नाही, कारण खाली दोन-तीन मिलिमीटर हाडानं जरी धरलेलं असलं तरी ते घट्टच लागतं. हलायला लागतं ते सगळ्यात शेवटी. त्यामुळे माझ्या मावशीचा हलणारा दात तब्येतीनं उत्तम होता आणि तुमचा न हलणारा पण ब्रश करताना रक्त येणारा दात कदाचित आजारी असेल.

याला कोण बळी पडतं? ज्यांना आधी पायरिया होऊन दात गेलेत ते, ज्यांची साखर ताब्यात नाही ते, सिगारेट ओढणारे, आणि आपल्याकडचं खास म्हणजे तंबाखू-चुना आणि मिश्री. गावाकडं कितीतरी बायका अजून सकाळी मिश्रीनं दात घासतात आणि डॉक्टरनं "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हे त्यांच्या हिशोबातच नसतं! डॉक्टरांनी पण "मिश्री लावता का" असं वेगळं विचारायला हवं, असं माझं मत. आणि एक कारण पेशंटच्या हातात नसतं, कॅप बसवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून जाणं. ते तिथं खड्यासारखं बसतं आणि त्यावर जंतू घर करतात.

मूळ काढावं लागलं तर ते उलटं पिळून किंवा भोवतीचं थोडं हाड कापून काढतात, जागा भरायला काही महिने देतात, हाड कमी असेल तर हाडाची भर घालतात, आणि मग पुन्हा इम्प्लांट बसवता येऊ शकतं, फक्त दुसऱ्या वेळी टिकायची खात्री पहिल्यापेक्षा थोडी कमी. नाहीतर ब्रिज आहे, काढ-घाल करायची कवळी आहे. काढायच्या आधी डॉक्टरला एक नक्की सांगा, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल तर, कारण त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याची जखम भरायला त्रास होतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते पण. स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका.

शेजारचे दात यामुळे हलतील ही भीती काढून टाका, प्रत्येक दाताचं हाडाशी आपापलं नातं आहे.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत

त्या बाजूनं चावू नका. वरण-भात, खिचडी, उपमा, तेवढे दोन-तीन दिवस निघतात. जीभ सारखी तिकडं जाते, मला मान्य आहे, पण जिभेनं किंवा बोटानं हलवून "अजून हलतंय का" बघत बसू नका, प्रत्येक वेळी तुम्ही तो स्क्रू थोडा उलटा फिरवत असता. ब्रश मात्र बंद करू नका, मऊ ब्रशनं हळू घासा आणि कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा.

कॅप हातात आली तर छोट्या डबीत ठेवा, तिच्याबरोबर आलेला स्क्रू, खुंटी, जे काय असेल ते सगळं. परत चढवून बघू नका. आणि फेविक्विक, एम-सील, मेडिकलमधून आणलेलं दाताचं सिमेंट, काहीही नाही. एक तर ते हिरडी भाजतं, दुसरं म्हणजे खुंटी वाकडी चिकटली की पंधरा मिनिटांच्या कामाचे तीन तास होतात. ग्रुपवरच्या महाशयांना मी हे सांगितलं, त्यांनी अंगठा पाठवला, पटलं की नाही देव जाणे.

तोंडावर सूज चढत चाललीय, ताप आहे, गिळता येत नाही किंवा तोंड उघडत नाही, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच वेळी हॉस्पिटल.

"एकदा आवळलं की झालं ना?"

स्क्रू आवळणं सोपं आहे, कॅप स्क्रूची असेल तर वरच्या भोकातलं फिलिंग काढायचं, त्याखाली बहुतेकदा पांढरी टेफ्लॉनची पट्टी असते (हो, प्लंबर नळाला गुंडाळतो तीच), ती काढली की स्क्रूचं डोकं दिसतं. कॅप सिमेंटची असेल तर मात्र स्क्रूपर्यंत पोचायला कॅपला भोक पाडावं लागू शकतं आणि कधी कधी कॅप नवीन करावी लागते, तेव्हा आधीच विचारून ठेवा, नंतर कटकट नको.

पण सैल झालेला स्क्रू नुसता परत आवळला आणि कारण तसंच ठेवलं तर तो पुन्हा सैल होणार. आमच्याकडे मशीनचा नट आठवड्यात दोनदा सैल झाला तर आम्ही नटाला शिव्या देत नाही, व्हायब्रेशन कुठून येतंय ते शोधतो. डॉक्टरनं निळ्या-लाल कागदावर चावायला लावून बघितलं पाहिजे की ही कॅप आधी आणि जास्त लागते का. मावशीची लागत होती. पाच वर्षांत तिचे बाकीचे दात थोडे झिजले, थोडे सरकले, खरे दात आयुष्यभर थोडे थोडे सरकतच असतात, इम्प्लांट मात्र आहे तिथंच. त्यामुळे बसवलं त्या दिवशी बरोबर असलेली उंची आज बरोबर असेलच असं नाही, आणि याच कारणानं शेजारच्या दातामध्ये फट पडून तिथं मेथीची भाजी अडकायला लागते. वर्षातून एकदा दाखवायला हवं ते यासाठी पण. मावशी पाच वर्षांत एकदाही गेली नव्हती.

जुना स्क्रू ताणला गेलेला असतो म्हणून बरेच डॉक्टर नवीनच घालतात. मी तो जुना मागून घेतला आणि कंपनीत भिंगाखाली बघितला, आट्यांच्या कडा एका बाजूनं चकचकीत घासलेल्या, शाळेच्या पोरांना दाखवावा असा नमुना. रात्री दात खायची सवय असेल तर नाइट गार्ड म्हणून प्लास्टिकची पट्टी मिळते, ती घालून झोपायचं. मावशी म्हणाली मी नाही दात खात, काका मागून नुसते हसले.

"म्हणजे डॉक्टरनं फसवलं का?"

स्क्रू सैल होणं ही इम्प्लांटमधली सगळ्यात नेहमीच्या तक्रारींपैकी एक आहे, विशेषतः एकट्या दाढेच्या बाबतीत. मुळाबद्दल बोलायचं तर चांगल्या अभ्यासांत दहा वर्षांनी १०० पैकी ९० हून जास्त मुळं जागेवर असतात, म्हणजे काही जाणारच, चांगल्या डॉक्टरच्या हातूनही. पाच वर्षांनी एकदा स्क्रू सैल झाला तर मी कुणाला दोष देणार नाही. सहा महिन्यांत तिसऱ्यांदा सैल झाला आणि डॉक्टर दर वेळी नुसता आवळून परत पाठवतोय, तर मात्र मी एक्सरेची कॉपी मागेन आणि दुसऱ्याला दाखवेन. "लाइफटाइम गॅरंटी" असं कुणी म्हणालं असेल तर कागद काढून वाचा, बऱ्याचदा ती कंपनीची असते आणि फक्त मुळाच्या तुकड्यापुरती असते, कॅप, स्क्रू आणि डॉक्टरची फी त्यात धरलेली नसते.

ज्यांनी बसवलं तेच आता नसतील तर

मावशीचे मूळचे डॉक्टर दुसऱ्या शहरात गेलेले. दुसऱ्या डॉक्टरला हे काम येत नाही असं नाही, अडचण वेगळीच असते. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचं डोकं वेगळं, कुणाचं षटकोनी, कुणाचं चांदणीसारखं, माप वेगळं, पीळ वेगळी. आपल्याकडे देशी-परदेशी मिळून कितीतरी कंपन्यांची इम्प्लांट बसवली जातात, आणि बाहेरून बघून कुठलं ते कळत नाही. एक्सरेवरून अनुभवी डॉक्टर अंदाज बांधतात, पण चुकीच्या ड्रायव्हरनं जोर लावला की स्क्रूचं डोकं गोल होतं, मग पुढचं सगळंच अवघड.

म्हणून इम्प्लांट बसवतात तेव्हा एक कार्ड किंवा स्टिकर मिळतं, त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असतो. नाही मिळालं तर मागून घ्या, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. नवीन डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला, कार्ड आहे का? मावशी म्हणाली असलं काही दिलंच नव्हतं. काकांनी घर उलटंपालटं केलं आणि शेवटी दुपारी फोन आला, गॅसच्या पुस्तकाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडलं, २०१४ च्या एका पावतीच्या मागं.